बसलेल्यांचा ग्रह

धारूर, १३ नोव्हेंबर २००७

योगीराज अण्णा,

फोन केला की तू कट करतोस. पत्र कट करता येत न्हाई, म्हणून पत्र. फाडणार असशील तर फाड, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, माझं तेवढ्यावर भागंल. आन् शाळेतल्या बाईंनी शिकवलेलं 'आहे' आन् 'नाही' मला घरच्या माणसाला लिहिताना जमत न्हाई. बोलते तसंच लिहिणार.

आई बरी हाय. दुकान त्रिंबककाका बघतात. 'भाऊ मातीत आन् पुतण्या पुण्यात, मग मी कावून, कशापायी बसलोय इथं?' असं रोज सकाळी एकदा म्हणतात आन् मग दिवसभर बसतात. मी दुपारची परमेश्वरच्या कॅफेत असते. तुझा दोस्त आता बसस्टँडसमोर चार कॉम्प्युटर मांडून मालक झालाय. त्याचे आईबाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत, हा इथं पंख्याखाली बसून पोरांना गाणी भरून देतो. मी तिथं पोरींना एमएससीआयटी शिकवते.

तर परवा पोरी आल्या न्हाईत म्हणून मी तुझा तो जुना मेल उघडला. अप्पा जायच्या आधी तू धाडलेला. 'रुची, हा गेम बघ, परग्रहावरचा हाय. मी संपवला. तुला जमायचा न्हाई.' इतके महिने उघडला न्हाई, कारण त्याच्यावरची तारीख अप्पा असतानाची. ती बघायला नको वाटायची.

आधी नुसता काळा पडदा. आपल्या टेलिफोनच्या लायनीवर गेम उतरायला इतका वेळ लागला की परमेश्वर म्हणला, 'तुझा ग्रह लई लांब दिसतोय.' मग एक ठिणगी खाली येऊन आपटली आन् तिच्यातनं एक बारीक माणूस बाहेर आला, डोक्यावर काचेचं काहीतरी घातलेला. नाव न्हाई, सूचना न्हाई, कोणाला मारायचं न्हाई. बाण दाबला की चालतो, स्पेस दाबली की उडी मारतो, बास. मी हात काढला तर तो थांबला आन् वर बघायला लागला. मी बी बघितलं. अण्णा, दोन चंद्र होते. एक मोठा तांबूस, एक बारका पांढरा. खाली डोंगरामागं डोंगर, गोल गोल माथ्यांचे, शेवटच न्हाई. हेडफोनमधी नुसता वारा. मी कितीतरी वेळ काही दाबलं न्हाई. जन्म बालाघाटात गेला, डोंगर मला काय नवीन न्हाईत, पण असं वाटलं की आपण कोणाच्यातरी घरात न विचारता आलोत.

आता कामाचं. काकांनी वरच्या शेतात अप्पांच्या समाधीवर कट्टा बांधायचं काढलंय. दगड येऊन पडलाय. आई म्हणते, पोरानं मूठभर माती घातल्याबिगर दगड ठेवायचा न्हाई. काका म्हणतात, एका पावसात माती बसली, दुसऱ्या पावसात खड्डा पडंल. दोघांचं भांडण होऊन शेवटी शिवरात्र ठरली. शिवरात्रीला दगड बसणार, एकदा बसला की माती घालायला जागा राहत न्हाई. तू ये. एवढंच लिहायचं होतं, गेमचं मधीच आलं.

रुची

धारूर, ४ डिसेंबर २००७

अण्णा,

उत्तर न्हाई. बरं. परमेश्वर म्हणतो, योग्याचा राग कापसासारखा हाय, एकदा पेटला की आत धुमसत राहतो, वरनं कळत न्हाई. मी म्हणलं, वरनं बी चांगला कळतो.

तुला राग यायला कारण हाय, ते मी कधी न्हाई म्हणलं न्हाई. तुमच्या कॉल सेंटरात मोबाइल बाहेर कपाटात ठेवावा लागतो हे आमाला कुठं मालूम होतं? अप्पा गेले त्या दिवशी काका दिवसभर रिंग देत होते. ऊन तर असं होतं की माणसं झाडाखाली बी घामानं भिजली होती. स्वामी म्हणले, दिवस मावळायच्या आत माती द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, खांद्यावरची बॅग बी न उतरवता विचारलंस, 'एक रात थांबता आलं न्हाई तुमाला?' आन् शेताकडं न जाता आल्या पावली गेलास. मला कोणी विचारलं न्हवतं अण्णा, थांबायचं का न्हाई ते. विचारलं असतं तरी काय सांगितलं असतं, देव जाणे.

गेमचं सांगते. तू पुण्यात एका बैठकीत खेळला असशील. इथं लाईट गेली की सगळं जातं, परमेश्वरचा इन्व्हर्टर दम धरत न्हाई, आन् परत पहिल्यापासनं. तू त्या ग्रहावर एकदा पडलास, मी रोज पडते. त्यामुळं मला तो आपल्या गल्लीसारखा पाठ झालाय. कोणत्या शिंपल्यावर उभं राहिलं की तो गुणगुणतो, कोणती मुळी पाणी पाजलं की लांब होते, सगळं.

पहिल्या दरीपाशी मी लई दिवस अडकलते. उडी पुरत न्हाई, पूल न्हाई. हैराण होऊन हात काढला, तेवढ्यात मोठा चंद्र वर आला आन् अलीकडच्या झाडाची सावली सरकत सरकत दरीवर पडली. मला काय सुचलं कोण जाणे, मी सावलीवर पाय टाकला. ती कडक होती. मी सावलीवरनं चालत पलीकडं गेले, अण्णा, आन् माझ्या अंगावर काटा आला. कोणीतरी कुठंतरी बसून हे सुचवून ठेवलंय, की जिथं काहीच न्हाई तिथं थांबून बघा. घरी येताना किल्ल्याच्या भिंतीची सावली रस्त्यावर पडलती, तिच्यावर पाय ठेवताना मी जरा थांबले. शेजारच्या सुभद्राबाई ओट्यावरनं म्हणल्या, 'काय गं, काटा मोडला का?' मी हो म्हणलं.

आन् आता खरं सांगायचं ते. परवा लाईट टिकली, मी लई खोल गेले. भुयाराच्या तळाशी एक कोनाडा हाय. त्याच्यात कोणीतरी बसलंय. मांडी घालून, पाठ भिंतीला, हात मांडीवर, डाव्या तळव्यात काहीतरी गोल. माणूस न्हवे ते, डोकं लांबट, बोटं तीनच. पण ते बसणं मी ओळखलं. वर जायची वाट बरोबर त्याच्या डोक्यावर हाय.

परमेश्वर म्हणला, 'मार उडी त्याच्या डोक्यावर. स्प्रिंगसारखं वर फेकतं ते. सगळे तसंच जातात, योग्या बी तसाच गेलता.'

मी म्हणलं, 'ती समाधी हाय.'

'अगं, गेम हाय तो. चित्र हाय.'

'तुमच्यात जाळतात, तुला न्हाई कळायचं.'

तो हसला, मग माझ्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला आन् चहा सांगायला गेला.

अण्णा, तू खरंच मारलीस उडी? काहीच वाटलं न्हाई तुला? घरी येईपर्यंत मला तुझा राग येत होता. मग लक्षात आलं, तुला कावून वाटंल? आजोबांच्या वेळी आपल्या दोघांना सुभद्राबाईंच्या घरात बसवून ठेवलतं. आन् अप्पांच्या वेळी तू न्हवतास. तू कोणाला असं बसवलेलं बघितलंच न्हाईस.

रुची

धारूर, १८ जानेवारी २००८

अण्णा,

मागल्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोडणार होते. खोडलं न्हाई, तसंच धाडलं. तुला लागलं असंल तर लागू दे, निदान पत्र वाचलंस असं तरी होईल.

मी अजून तिथंच हाय, कोनाड्यापाशी. पाणी आणून बघितलं, दोन्ही चंद्र उगवून मावळू दिले, त्या बसलेल्याच्या समोर नुसती उभी राहून बघितलं. काही होत न्हाई. परमेश्वर रोज विचारतो, 'झालं का दर्शन?' आन् स्वतःच्या कामाला लागतो. बाकीची पोरं म्हणतात, ताई फक्त एक उडी हाय. पण मला होत न्हाई, आन् कावून होत न्हाई ते तुला सांगितल्याबिगर कळणार न्हाई. तुला हे कोणी सांगितलंच न्हाई, तर मी सांगते.

अप्पांना आंघोळ घालून बसवलं. कपाळाला विभूती लावली. बसवलेलेच, भजन म्हणत वरच्या शेतात नेले. आपल्यात बायका बी जातात, आई पुढं होती. खड्ड्याच्या आत बाजूला कोनाडा खणलता, त्याच्यात त्यांना मांडी घालून बसवलं. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळव्यावर ठेवलं. भोवती बेलाची पानं, विभूती, मीठ. तोवर मला रडू आलं न्हाई. उलट वाटलं, अप्पा दुपारची पूजा करतात तसेच बसलेत, आता डोळे उघडून म्हणतील, चहा टाक.

मग स्वामी खाली उतरले आन् त्यांनी उजवा पाय अप्पांच्या डोक्यावर ठेवला.

अण्णा, रीत हाय हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता पाय दिसला. ज्यांच्या टोपीला आपण कधी हात लावला न्हाई, त्यांच्या डोक्यावर पाय. मी तोंड फिरवलं. वाटलं, अण्णा असता तर त्यानं स्वामींचा पाय धरला असता, मग स्वामी असोत का कोणी असोत. हे मी आईला बी बोलले न्हाई.

तर परवा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तेच स्वामी घरी पूजेला आलते. प्रसाद झाला, आई आत गेली. मी विचारून टाकलं, 'स्वामी, अप्पांच्या डोक्यावर पाय कावून ठेवला?'

ते रागावले न्हाईत. सुपारी कातरत म्हणले, 'परवानगी असते ती पोरी. माणूस सहजासहजी जात न्हाई. दुकानात जीव, पोरांत जीव, शेतात जीव. त्याला सांगावं लागतं, जा आता, आमचं काही म्हणणं न्हाई. तोंडानं सांगितलेलं त्याला ऐकू जात न्हाई, म्हणून पाय. आन् पाय माझा नसतो, गुरूचा असतो. जोर द्यायचा न्हाई, नुसता टेकवायचा.'

मी तेव्हापासनं तेच डोक्यात घेऊन फिरते. आज लाईट न्हाई, न्हाईतर आत्ताच गेले असते. शिवरात्र सहा मार्चला हाय, तुझ्या कॅलेंडरात आमचे सण नसतील म्हणून कळवते.

रुची

धारूर, ११ फेब्रुवारी २००८

अण्णा,

झालं. हे पत्र मी कॅफेतच बसून लिहिते.

उडी मारली न्हाई. ह्या वेळी आधी वरच्या मुळीला पाणी पाजून लांब केली, मग बारका चंद्र यायची वाट बघितली. भुयाराला वर एक भोक हाय, तिथनं उजेड आत आला आन् त्या मुळीची सावली सरकत त्या बसलेल्याच्या खांद्याला लागली. तिच्यावरनं मी चालत गेले, खांद्यावर, खांद्यावरनं डोक्यावर. पाय टेकवला आन् सगळी बटणं सोडली. हात मांडीवर घेतले. मनात म्हणलं, जा, आमचं काही म्हणणं न्हाई. कोणाला म्हणलं ते तुला कळतंच हाय.

बराच वेळ काही झालं न्हाई. मग त्याच्या तळव्यातलं ते गोल उजळलं. मागची भिंत काचेसारखी झाली आन् पलीकडं दुसरं कोणीतरी बसलेलं दिसलं, त्याच्या बी तळव्यात उजेड. त्याच्या पलीकडं तिसरं. चित्र मागं मागं सरकायला लागलं, मी काही दाबत न्हवते, आपोआप. भुयाराच्या बाहेर, दरीच्या बाहेर, वर. आन् अण्णा, ते डोंगर डोंगर न्हवतेच. पहिल्या दिवसापासनं मी ज्यांच्यावरनं चढत उतरत होते ती डोकी होती. एकेक डोंगर म्हणजे एकेक जण, मांडी घालून बसलेला, अंगावर माती, मातीवर झाडं, मान वाकवून आपापल्या तळव्यात बघत. सगळा ग्रह बसलेला. चित्र आणखी मागं गेलं, ग्रह आख्खा दिसला, काळ्या अंधारात, आन् त्याच्या आतनं एवढे उजेड, एवढे, की मोजायचं मनात बी येत न्हाई. वारा थांबला होता. कोणीतरी एवढं मोठं करून ठेवलंय, आन् ते कोणाला दिसावं म्हणून एक ओळ बी लिहिली न्हाई. उडी मारून जाणाऱ्याला ते कधीच दिसत न्हाई, आन् त्याचा गेम तरी बी पुरा होतो.

मी रडले. लाज वाटली न्हाई. परमेश्वर मागं कधी येऊन उभा राहिला कळलं न्हाई, त्यानं बाकीच्यांना हातानंच गप्प केलतं. मग म्हणला, 'हे मी कधी बघितलंच न्हाई बे.' मला बे म्हणला, पोरीला, इतका तो गडबडलता.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन गेले. ती यायला तयार न्हवती, म्हणली, मला काय करायचाय तुमचा सिनेमा. परमेश्वरनं प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. मी पहिल्यापासनं सगळं खेळले, आई शेजारी पदर सावरून बसली. दरी आली तेव्हा म्हणली, 'जपून गं.' कोनाडा आला तेव्हा खुर्ची पुढं ओढून बसली. मी काही सांगितलं न्हवतं तिला. मी पाय टेकवला आन् तिनं हात जोडले, तसेच ठेवले सगळं दिसेपर्यंत. मग विचारलं, 'कोणाकोणाचे असतील गं हे?'

मी म्हणलं, माहीत न्हाई.

'कोणाचे तरी असतीलच की,' ती म्हणली.

घरी येताना ती घाटाकडच्या डोंगरांकडं बघत चालत होती, दोनदा ठेचाळली. दारात येऊन म्हणली, 'काकांना सांग, शिवरात्रीला दगड बसू द्या. मी आता अडवणार न्हाई. पोरगं यावं असं लई वाटतं, पण त्याच्यासाठी ह्यांना कावून अडकवून ठेवू.'

हे मी तुला लिहिणार न्हवते. आजवर मला आधार होता की शिवरात्र ठरली तरी ऐन वेळी आई दगड बसू देणार न्हाई, तुझ्यासाठी जागा राहील. आता कोणी अडवून धरलेलं न्हाई. मी एकटी काय अडवणार. आई बरी हाय असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. ती रोज संध्याकाळी वरच्या शेतात जाऊन बसायची आन् काका तिला हाताला धरून आणायचे. त्या दिवसापासनं ती गेली न्हाई. काल तिनं पुरणपोळी केली आन् स्वतः बी खाल्ली.

तू एकदा तो गेम परत खेळ. उडी मारू नको.

रुची

धारूर, १ मार्च २००८

अण्णा,

तुझं कार्ड आलं. पोस्टमन बंकटरावांनी आधी स्वतः वाचलं, मग आईला दिलं, मग मला मिळालं. कार्डावर तीनच ओळी. 'रुची, केलं. उडी न मारता. सगळे दिसले. अप्पांचं तोंड कोणीकडं होतं?'

आईनं ते वाचलं आन् माझ्याकडं बघून म्हणली, 'सांग त्याला.' म्हणून सांगते. तुला लागंल म्हणून आजवर लिहिलं न्हवतं.

स्वामींनी सांगितलं तसं पूर्वेकडं तोंड करून बसवलं. सगळं नीट झालं. माती घालायच्या आधी मान सरकली. डावीकडं वळली, खाली घाटाकडं, तेलगावकडनं पुण्याची एसटी वर चढून येते तिकडं. काका सरळ करायला खाली वाकले. आई म्हणली, 'राहू द्या. ते वाट बघतायत.' काकांनी स्वामींकडं बघितलं. स्वामी थोडं बाजूला सरकून उभे राहिले. मग कोणीच हात लावला न्हाई, आन् तशीच माती घातली.

आमी थांबलो न्हाई, हे खरं हाय. अप्पा तुझ्याकडं बघत बसलेत, हे बी खरं हाय.

गुरुवारी शिवरात्र. दगड दुपारनंतर बसवणार, काकांनी गवंड्याला तसं सांगितलंय. घाट संपला की आपलं शेत लागतं, कंडक्टरला सांगून तिथंच उतर. घरी मागनं ये.

रुची